२०५६ पर्यंत बंद

लॉक. आगपेटीएवढं, प्लॅस्टिकचं, दोन्ही तोंडांना पंचवीस पिनांची जुळणी. कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टला ते लावायचं आणि प्रिंटरची केबल त्याच्यावर चढवायची. लॉक असेल तरच मराठी सॉफ्टवेअर उघडणार. धाराशिवात, उमरग्यात, कळंबला डीटीपीची दुकानं चालवणारे काही जण रात्री शटर ओढताना गल्ल्यातल्या पैशांबरोबर लॉकही खिशात टाकून घरी नेत. मशीन गेलं तर दुसरं येईल, लॉक गेलं तर सॉफ्टवेअरच गेलं, असा साधा हिशेब. आताच्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. पुढे यूएसबीची लॉकं आली. त्यांतलीही कित्येक नव्या विंडोजवर ड्रायव्हर नाही म्हणून पडून आहेत.

साडेतीन इंची फ्लॉपी, १.४४ एमबी. लेबलवर बॉलपेनने लिहिलेलं: ‘पत्रिका’, ‘पावती बुकं’, ‘कारखाना अहवाल’, ‘चाचणी ८ वी’. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह जिल्ह्यात शोधायला निघालात तर भंगारवाल्यापासून सुरुवात करा.

जिस्ट कार्ड. हे पाहिलेली माणसंही आता थोडी. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर सुरू झालेलं काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं आणि त्यातून हे कार्ड घडलं. मदरबोर्डच्या खाचेत ते बसवलं की डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये आणि डीबेसमध्ये मराठी लिहिता येई. त्यामागची अक्षरांची व्यवस्था म्हणजे इस्की. १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. आज मोबाइलवर मराठी लिहिताना आपण जो युनिकोडचा तक्ता वापरतो, त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेली आहे. म्हणजे ते कार्ड हा आपल्या लिहिण्याचा थेट पूर्वज. आणि त्याचा प्रोग्रॅम चिपमध्ये कोरलेला, त्यामुळे कार्ड भंगारात गेलं की तोही गेला.

‘जुनं झालंय ते, आता फ्री आहे.’ जुन्या सॉफ्टवेअरबद्दल डीटीपीच्या धंद्यातलं सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, आणि ते खरं नाही. कंपनीने विकायचं थांबवलं म्हणून कॉपीराइटचा हक्क सुटत नाही. कंपनी बंद पडली तरी हक्क कुणाकडे तरी जातो: विकत घेणाऱ्याकडे, नाही तर देणेकऱ्याकडे. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीची देखभाल थांबवली, मालकी नाही सोडली. आवृत्ती सात आली म्हणून आवृत्ती तीन मोकळी झाली असंही होत नाही. प्रत्येक आवृत्तीचं घड्याळ वेगळं चालतं, आणि नव्या आवृत्तीत जेवढं नवं लिहिलं तेवढ्यालाच नवी मुदत मिळते. फुकट वाटलेलं सॉफ्टवेअरसुद्धा फुकट असतं, मोकळं नसतं.

घड्याळ कसं चालतं तेही नीट पाहायला हवं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कॉम्प्युटर प्रोग्रॅम त्यात १९८४ च्या दुरुस्तीने आला आणि तो ‘साहित्यकृती’ या सदरात बसवला गेला, म्हणजे कादंबरी आणि कवितेच्या रांगेत. साहित्यकृतीची मुदत लेखकाची हयात आणि त्यानंतर ६० वर्षं. आधी ती ५० होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, १९९१ अखेर त्यांचं लेखन खुलं होणार म्हणून ऐनवेळी दहा वर्षं वाढवली गेली, आणि ती वाढ सगळ्यांनाच मिळाली. नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रॅमची मालक कंपनी असते, पण लेखक तो लिहिणारा माणूसच, त्यामुळे मुदत मोजायची ती त्याच्या मरणापासून. चौघांनी मिळून लिहिला असेल तर जो सर्वांत शेवटी जाईल त्याच्यापासून. समजा, १९९६ मध्ये तीस वर्षांच्या एका प्रोग्रॅमरने मराठीचं सॉफ्टवेअर लिहिलं आणि तो ऐंशी वर्षं जगला. तो जाणार २०४६ मध्ये, आणि त्याचा प्रोग्रॅम खुला होणार १ जानेवारी २१०७ रोजी. लेखकाचं नावच कुठे जाहीर झालेलं नसेल, तर प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. म्हणजे ३१ डिसेंबर २०५६ पर्यंत बंद. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही त्यातल्या त्यात जवळची तारीख.

सरकारी पैशातून झालेलं तरी आपलं असेल, असं वाटतं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर तिथे कॉपीराइट नसतो. आपल्याकडे सरकारी कृतीलाही प्रकाशनापासून ६० वर्षं.

पेजमेकर. आल्डस कंपनीचा, १९८५ चा. १९९४ मध्ये अडोबीने आल्डस घेतली, २००१ मध्ये सातवी आवृत्ती काढली आणि तीच शेवटची ठरली. मराठवाड्यातल्या छोट्या दुकानांत मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं पेजमेकरच चालला. लग्नपत्रिका त्यात, गणेश मंडळाच्या पावत्या त्यात, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं त्यात, साप्ताहिकातल्या जाहीर नोटिसा त्यात. लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर प्रिंट काढायची, त्यावरून प्लेट, प्लेटवरून ऑफसेट. ‘बटर काढून ठेव’ हे वाक्य आता नवीन मुलाला सांगितलं तर तो खाण्याचं समजेल.

त्या फायली आज उघडल्या तर काय दिसतं? श्री-लिपीच्या श्री-देव मालिकेतला फाँट मशीनवर नसेल तर ‘मराठी’ या शब्दाच्या जागी आधी एक खालची आडवी रेघ येते. ती म्हणजे म. पुढे इंग्रजी ए, तो र. मग एम, तो काना. मग मोठा आर आणि त्याला चिकटून गणितातलं ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह, ते दोन्ही मिळून ठ. शेवटी लहान आर, ती दीर्घ वेलांटी. फाइलीत मराठी नाहीच. इंग्रजी कळांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेला फाँट आहे, आणि तो फाँट काढला की मागे राहतात त्या कळा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळूरच्या सायबरस्केप मल्टिमीडियाची आकृती, सी-डॅकचं आयएसएम, शिवाय शिवाजी आणि किरण हे घरोघरी पोचलेले फाँट. प्रत्येकाचे तुकडे वेगळे आणि जागाही वेगळ्या. एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडेलच याची खात्री तेव्हाही नव्हती.

आता हरवत चाललेल्या वस्तूंच्या या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. तेरच्या गोरोबाकाकांच्या अभंगांची एखादी पुस्तिका घ्या, यात्रेत विकली जाते तशी, बत्तीस पानी, पिनांची. अभंग सातशे वर्षांपूर्वीचे. ते कुणाच्याही मालकीचे नाहीत, ते गावे, छापावे, वाटावे, कुणाला विचारायला नको. पण ज्या फाइलीवरून ती पुस्तिका छापली, ती फाइल पेजमेकरच्या जुन्या आवृत्तीत आणि लॉकवाल्या फाँटमध्ये आहे. मजकूर सगळ्यांचा, तरी तो उघडायची किल्ली दुसऱ्याकडे, आणि ती किल्ली आता विकतही मिळत नाही. त्याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेरच्या, म्हणजे जुन्या तगर नगरीच्या, व्यापारवैभवातल्या, सातवाहनकाळातल्या मृण्मूर्ती तिथे काचेमागे नीट जपलेल्या आहेत, तिथलं हस्तिदंताचं काम तर पाहत राहावं असं. मातीची मूर्ती दोन हजार वर्षं टिकली आणि कुणालाही नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. पंचवीस वर्षांपूर्वी कंपोज केलेला अभंग बघायला परवाना लागतो, लॉक लागतं, बंद पडलेली विंडोज लागते. मला हे फार टोचतं.

अभंग निदान दुसऱ्या कुठल्या गाथेत सापडतील. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या आठवणी सापडणार नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. त्या लढ्यात होते त्यांतल्या काहींनी उतारवयात वहीत लिहून काढलं, मुलांनी किंवा शिष्यांनी पदरमोड करून ते छापलं, तीनशे-पाचशे प्रती काढल्या आणि गावात वाटल्या. या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. वारसांना दुसरी आवृत्ती काढायची असेल तर कायदा आड येत नाही, फाइल आड येते. मग उरलेली एक छापील प्रत समोर ठेवून सगळं पहिल्यापासून टाइप करायचं, नव्या चुकांसकट. छापील प्रतही नसेल तर विषयच संपला.

ग्रंथालयाचं कपाट. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ठिकाणी पाठवावी लागते. धाराशिवात छापलेलं पुस्तक कायद्याप्रमाणे कोलकात्याला पोचायला हवं. ज्या सॉफ्टवेअरवर ते जुळवलं, त्याची प्रत कुठेही ठेवण्याचं बंधन कुणावरच नव्हतं, आजही नाही. एखाद्या ग्रंथालयाने आपणहून ठेवायचं ठरवलं तर? सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने दिली, पण अट अशी की ग्रंथालयाकडे तिची बिगर-डिजिटल प्रत आधीपासून असली पाहिजे. हे पुस्तक डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं कलम आहे. सॉफ्टवेअरची बिगर-डिजिटल प्रत कुठून आणणार? अमेरिकेत २०१८ मध्ये ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना जुनी सॉफ्टवेअरं जपण्यासाठी त्यांची कुलपं उघडायची रीतसर सवलत मिळाली. आपल्या कलमात एक ओळ घातली तरी तेवढं काम होईल.

कुलूप उघडण्याबद्दल आपला कायदा वाटतो तितका कडक नाही, हे दुकानदारांना कुणी सांगितलेलं नाही. हक्क मोडायच्या इराद्याने संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर तो गुन्हा नाही. फक्त, दुसऱ्याला यात मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि बाकीचा तपशील नोंदवून ठेवायचा. म्हणजे ज्याच्याकडे पावतीसकट घेतलेलं सॉफ्टवेअर आहे आणि लॉक निकामी झालंय, त्याच्या बाजूने बोलायला जागा आहे. शिवाय अधिकृत प्रत बाळगणाऱ्याला राखीव प्रत करता येते. घरगुती, बिगर-व्यापारी वापरासाठी प्रत करता येते. दुसरा प्रोग्रॅम याच्याशी जुळता यावा म्हणून लागणारी माहिती, ती दुसरीकडे सहज मिळत नसेल तर, खणून काढता येते. जुन्या फाँटमधलं मराठी युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर लोकांनी रात्री जागून बनवले आणि फुकट दिले, त्या कामाला आधार देणारी तरतूद ही. अजूनही रफार चुकीच्या अक्षरावर जातो, ‘ऱ्या’ फुटतो, जोडाक्षराचा अर्धा तुकडा हरवतो. तरीही त्या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत.

पण हे सगळे हक्क ‘अधिकृत प्रत’ या दोन शब्दांवर उभे आहेत. म्हणून यादीतली पुढची वस्तू: स्केचपेनने नाव लिहिलेली सीडी. पेजमेकर, फोटोशॉप, कोरल आणि फाँटचा ढीग, सगळं एकाच सीडीवर. जिल्ह्याजिल्ह्यांत मराठी डीटीपी पसरलं ते मुख्यतः या सीडीवरून. पुण्याहून, सोलापूरहून कुणीतरी आणायचं आणि हातोहात कॉपी व्हायची. जाणूनबुजून अशी अनधिकृत प्रत वापरली तर कायद्यात किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. कमाईसाठी वापरली नसेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं. चोरी ती चोरीच, आणि ज्यांनी श्री-लिपी किंवा आकृती मेहनतीने घडवली त्यांचे पैसे तिने बुडवले. पण आज त्या जुन्या आवृत्त्या जिथे कुठे जिवंत आहेत तिथे बहुधा याच सीड्यांवर आहेत, आणि त्या बाळगणाऱ्याला त्या जपण्याचा कोणताही हक्क नाही. अधिकृत प्रत घेणाऱ्याने पॅकिंग, पावती, परवान्याचा कागद जपला असता तर चित्र वेगळं असतं. परवान्याचा कागद हीसुद्धा दुर्मीळ वस्तू.

आता जे मोकळं झालं त्याविषयी. आकृतीच्या सायबरस्केपने या शतकाच्या सुरुवातीलाच नऊ भारतीय लिप्यांचे आपले फाँट जीपीएल परवान्याखाली खुले केले. विकून पैसा मिळणारी वस्तू एका भारतीय कंपनीने लोकांच्या हाती दिली, याची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही. मायक्रोसॉफ्टने डॉसच्या १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा मूळ कोड २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमला दिला, २०१८ मध्ये त्यावर खुला परवाना लावला, आणि २०२४ मध्ये डॉस ४ ही खुला केला. अडोबीने फोटोशॉपच्या १९९० च्या पहिल्या आवृत्तीचा कोड २०१३ मध्ये त्याच म्युझियमला बिगर-व्यापारी वापरासाठी दिला. यातलं एकही सार्वजनिक मालकीचं झालेलं नाही. हक्क मालकाकडेच आहे. त्याने फक्त वापरायची परवानगी दिली, आणि कामाला तेवढी पुरते. २०५६ ची वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडेही तेच व्हायला हवं, आणि हे मी आग्रहाने मागतो आहे. मराठीच्या ज्या सॉफ्टवेअरांचे मालक आज हयात आहेत त्यांनी २००० पूर्वीच्या आवृत्त्या, त्यांचे फाँट आणि कुठल्या कळेला कुठला तुकडा याचे तक्ते जाहीर करावेत. लॉकशिवाय चालतील अशा रूपात द्यावेत. व्यापारी वापराला बंदी ठेवली तरी हरकत नाही. कायद्यात हक्क सोडून देण्याची सोय आहे, जाहीर सूचना देऊनही ते करता येतं. पण एवढं टोक गाठायची गरज नाही, खुला परवाना पुरे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या डॉसच्या मराठीतून आता कुणाचा धंदा बुडणार आहे?

लेटरहेड. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि शाळा, पतसंस्था, दूध संघ सगळ्यांना लेटरहेड बदलायची वेळ आली. एक शब्द काढून दुसरा घालायचा, दोन मिनिटांचं काम. जुन्या फायली शोधल्या गेल्या तेव्हा कितीतरी ठिकाणी त्या उघडल्याच नाहीत. नव्याने कंपोज करावं लागलं, बोधचिन्ह छापील कागदावरून स्कॅन करावं लागलं. नाव बदलावं की बदलू नये यावर गावात भरपूर बोलणं झालं. जुनी फाइल उघडत नाही यावर कुणी बोललं नाही.

तक्ता. हा अजून काही दुकानांत सापडेल. टेबलाच्या काचेखाली किंवा भिंतीवर चिकटवलेला, हाताने रेघा आखलेला कागद. डावीकडे जोडाक्षर, उजवीकडे ऑल्ट दाबून मारायचा आकडा. द्ध, द्व, ह्य, क्त, श्र, शृ, ट्ट, ङ्क. पेन दोनदा बदललेलं, एका कोपऱ्यात चहाचा डाग, काही आकडे खोडून दुरुस्त केलेले, कारण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तेव्हा ते बदलले. कुठल्या आवृत्तीत कुठला तुकडा कुठे होता याचा हा कागद म्हणजे हाताने केलेला दस्तऐवज आहे, आणि कन्व्हर्टर सुधारायला नेमकी हीच माहिती लागते. तो त्या ऑपरेटरने स्वतः लिहिलेला. त्यातली माहिती म्हणजे कुठला आकडा मारला की काय उमटतं एवढीच, आणि अशा वस्तुस्थितीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. दुकान अजून चालू असेल तर आत जाऊन विचारा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या. फोटोखाली सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्तीचा आकडा आणि फाँटचं नाव लिहायला विसरू नका. त्याशिवाय तो कन्व्हर्टर लिहिणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.